तडजोड मोडली म्हणून दावा टाकला, आता समोरचा म्हणतो दावाच फेटाळा: सात-अकराच्या अर्जाचं काय होतं

आधी तुमची हकीकत माझ्या शब्दात लिहून घेतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल आणि माझं काही चुकत असेल तर तुम्ही सांगाल. तुम्ही दोघं भागीदार. २०२० ला तुम्ही फर्ममधून बाहेर पडलात, हिशोबाचे २७ लाख निघतात म्हणून २०२१ मध्ये दावा टाकला. मार्च २०२४ ला कोर्टाबाहेर बसून स्टॅम्प पेपरवर तडजोड केली, नोटरीचा शिक्का मारला: तो १८ लाख देणार, दीड-दीड लाखाचे १२ हप्ते, आणि सलग दोन हप्ते चुकले तर सवलत रद्द, मूळ २७ लाखातून मिळालेली रक्कम वजा करून बाकी सगळे १२ टक्के व्याजाने द्यायचे. तुम्ही विश्वासाने जुना दावा पुरसिस (कोर्टात द्यायचं छोटं लेखी निवेदन) देऊन काढून घेतला. एप्रिल, मे, जूनचे हप्ते खात्यात आले, जुलैपासून फोन उचलणं बंद. जानेवारी २०२५ ला तुम्ही साडेबावीस लाखाचा नवा दावा टाकलात, आणि आता त्याच्या वकिलाने ७/११ चा अर्ज दिलाय की हा दावा चालूच शकत नाही. कारणं सहा: जुना दावा विनाअट काढून घेतला म्हणून नवा चालत नाही, मुदत संपली, भागीदारीपत्रात लवादाचं कलम आहे (वाद कोर्टाऐवजी खासगी लवादापुढे न्यायचा), तडजोड दबावाखाली केली, २७ लाखाची अट म्हणजे दंड आहे, आणि स्टॅम्प कमी आहे. तुम्ही विचारताय की दावा उडेल का.

माझं मत आधीच सांगून टाकतो. त्याच्या या सहापैकी एकाही कारणाने तुमचा दावा सहजासहजी उडेल असं मला वाटत नाही. पण एक कारण त्याच्या वकिलाने लिहिलेलंच नाही, आणि मला भीती त्याची वाटते. त्यावर खाली येतोच.

अनेक पक्षकार ७/११ ऐकलं की सातबाऱ्याचं काहीतरी समजतात. हा सातबारा नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर ७, रूल ११. त्यात म्हटलंय की वादपत्र, म्हणजे तुम्ही दावा टाकताना दिलेला मूळ कागद, वाचून दाव्याला कारणच दिसत नसेल, किंवा वादपत्रावरूनच दावा एखाद्या कायद्याने बाद ठरत असेल, किंवा मूल्यांकन कमी केलं, कोर्ट फी कमी भरली आणि मुदत देऊनही दुरुस्त केली नाही, तर कोर्ट वादपत्र नामंजूर करतं. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की या टप्प्यावर कोर्ट तुमचं वादपत्र आणि त्याला जोडलेले कागद एवढंच वाचतं. त्याची कैफियत (दाव्याला त्याने दिलेलं लेखी उत्तर), त्याच्या अर्जातली कहाणी, त्याने काय भोगलं, हे बघायचं नसतं. सुप्रीम कोर्टाने २००३ च्या सलीमभाई निकालात हे स्वच्छ सांगितलंय आणि तेव्हापासून प्रत्येक ७/११ च्या युक्तिवादात हा निकाल कुणीतरी वाचून दाखवतोच. समोरचा हमखास १९७७ चा अरिवंदंदम काढेल, की नुसती लिखाणाची हुशारी करून कारणाचा आभास उभा केला असेल तर असा दावा दारातच अडवायला हवा. दोन्ही निकाल बरोबर आहेत, आणि भांडण एवढ्यावरच होतं की तुमचं वादपत्र कुठल्या प्रकारात बसतं.

म्हणून मी पक्षकाराला पहिला प्रश्न हाच विचारतो की तुमचा दावा उभा कशावर आहे, जुन्या भांडणावर की नव्या कागदावर? एकदा हे ठरलं की त्याच्या निम्म्या हरकतींचं उत्तर आपोआप मिळतं.

जुना दावा काढून घेतल्याचा मुद्दा बघा. ऑर्डर २३ रूल १ सांगते की कोर्टाची परवानगी न घेता दावा काढून घेतला तर त्याच विषयावर नवा दावा लावता येत नाही. ऐकायला फार भारी मुद्दा आहे, आणि तुमच्या पुरसिसमध्ये पुन्हा दावा लावायची मुभा मागितलेली नसणार हे मी न बघता सांगतो, कारण घाईत कुणीच मागत नाही. पण विषय म्हणजे काय? १९७० च्या वल्लभदास विरुद्ध मदनलाल मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की विषय म्हणजे नुसती तीच मालमत्ता किंवा तेच पैसे नव्हे, तर दाव्याचं कारण आणि मागितलेली दाद. जुन्या दाव्याचं कारण होतं २०२० चा हिशोब, नव्याचं कारण आहे २०२४ चा करार आणि त्याचा जुलैत झालेला भंग. जुना दावा टाकला तेव्हा हा करार जन्मालाही आला नव्हता, मग त्या दाव्यात तो विषय असेलच कसा.

मुदतीचंही तेच. तो २०२० पासून मोजतोय म्हणून त्याला मुदत संपलेली दिसते. कराराच्या भंगाला मुदतीच्या कायद्यात अनुच्छेद ५५ लागतं, भंग झाल्यापासून ३ वर्षं. पहिला चुकलेला हप्ता जुलै २०२४ चा, तुम्ही जानेवारी २०२५ ला कोर्टात आलात, विषय मिटला.

आता इथेच गडबड आहे. तुम्ही वादपत्राची जी पानं टाकलीत ती मी वाचली. पहिली नऊ पानं भागीदारी कधी सुरू झाली, त्याने माल परस्पर कसा विकला, खातेवह्या कशा लपवल्या याची. तडजोड दहाव्या पानावर, आणि भंग एका वाक्यात. त्याच्याही पुढे, प्रार्थनेत, म्हणजे शेवटच्या मागण्यांत, साडेबावीस लाख मागून झाल्यावर पर्यायी मागणी केलीय की तसं होत नसेल तर फर्मचा २०१७ ते २०२० चा हिशोब द्यावा. या एका ओळीने तुम्ही त्याच्या हातात काठी दिलीत. हिशोबाची मागणी म्हणजे जुन्या दाव्याचाच विषय, त्याला काढून घेतल्याची अडचणही लागते आणि मुदतीचीही. तुमच्या वकिलांनी बिचाऱ्यांनी काळजीपोटीच लिहिलं असणार, आपण सगळेच असं करतो, एक दार बंद झालं तर दुसरं असावं म्हणून. पण त्याने वाचणाऱ्याला वाटतं की हा माणूस जुनंच भांडण नव्या वेष्टनात घेऊन आलाय.

यात तुमच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे. ७/११ खाली वादपत्राचे तुकडे करता येत नाहीत. एक मागणी टिकत असेल तर अख्खं वादपत्र टिकतं, पर्यायी मागणी बाद आहे म्हणून मुख्य मागणी उडत नाही. त्यामुळे दावा वाचेल, पण मी तुमच्या जागी असतो तर ऑर्डर ६ रूल १७ चा दुरुस्ती अर्ज देऊन ती पर्यायी मागणी स्वतःहून काढून टाकली असती. समोरचा ओरडेल की माझा अर्ज प्रलंबित असताना ही दुरुस्ती कशी, ओरडू द्या, तुम्ही मागणी वाढवत नाही आहात, कमी करताय.

आणि दाव्यास कारण घडल्याचा परिच्छेद नव्याने लिहून घ्या. आत्ता तुमच्याकडे आहे की 'दाव्यास कारण सन २०२० पासून वेळोवेळी घडत आले आहे'. ही ओळ वकिलांच्या कारकुनांच्या कंप्युटरमध्ये कायमची बसलेली असते, प्रत्येक दाव्यात आपोआप उतरते. तिच्या जागी साधं लिहा: 'दि. अमुक मार्च २०२४ रोजी उभयतांनी तडजोडपत्र लिहून दिले, वादीने त्यातील अट क्र. ४ प्रमाणे जुना दावा काढून घेऊन आपली बाजू पुरी केली, प्रतिवादीने एप्रिल, मे व जून २०२४ चे हप्ते बँकेमार्फत देऊन सदर करार अंमलात आणला, जुलै व ऑगस्ट २०२४ चे हप्ते देण्यात कसूर केली, त्यामुळे अट क्र. ६ प्रमाणे संपूर्ण रक्कम देय झाली, व तेव्हा दाव्यास कारण घडले.' झालं. करार, तुम्ही केलेलं पालन, त्याचा भंग, तुमचं नुकसान, चारही गोष्टी तारखेसकट आल्या. अटींचे आकडे तुमच्या कागदाप्रमाणे बदला.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, अनुभवाने सांगतोय. वकिलीच्या सुरवातीच्या काळात अशाच एका तडजोडीवरच्या दाव्यात मी पानंच्या पानं इतिहास लिहिला होता, पक्षकार खूश, म्हणे साहेब सगळं आलं. ७/११ च्या युक्तिवादाला न्यायाधीशांनी निशाणी १, म्हणजे वादपत्र, उलटसुलट चाळली आणि एवढंच विचारलं, "वकीलसाहेब, करार कुठल्या तारखेला मोडला ते दाखवा." मला पान सापडेना. अर्ज शेवटी नामंजूर झाला, दावा वाचला, पण ती दोन मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.

लवादाच्या मुद्द्यावर दोन गोष्टी. एक, लवादाकडे पाठवा असं म्हणायचं असेल तर त्यासाठी लवाद कायद्याचं कलम ८ आहे, आणि तो अर्ज वादाच्या मुद्द्यांवर पहिलं म्हणणं देण्याच्या आत किंवा फार तर त्याच्याबरोबर द्यावा लागतो. त्याने तसा अर्ज दिलाय का बघा, कैफियत देऊन बसला असेल तर उशीर झालाय. दोन, लवादाचं कलम भागीदारीपत्रात आहे, तडजोडपत्रात नाही. नव्या कराराने जुना करार पूर्ण मिटवून त्याची जागा घेतली असेल तर जुन्यातलं लवादाचं कलमही त्याच्याबरोबर जातं, हे १९५९ पासून किशोरीलाल गुप्ता निकालाने ठरलेलं आहे. तिथेही प्रकरण तुमच्यासारखंच होतं, तडजोड झाली, ती मोडली, आणि एक बाजू जुन्या करारातल्या लवादाकडे धावली. फक्त तुमच्या तडजोडपत्राची भाषा बघावी लागेल. 'पूर्वीचे सर्व हक्क व वाद संपुष्टात आले' असं वाक्य असेल तर तुम्ही पक्के आहात, 'भागीदारीपत्राच्या बाकी अटी कायम राहतील' असं असेल तर मात्र मामला अवघड.

दबावाखाली सही केली हे त्याने सिद्ध करायचं, तेही पुराव्याच्या वेळी. दबाव, फसवणूक असले आरोप मोघम चालत नाहीत, ऑर्डर ६ रूल ४ प्रमाणे कोणी, कधी, कसा दबाव टाकला याचा तपशील द्यावा लागतो. आणि दबावाखाली असलेला माणूस नंतर तीन महिने बँकेतून न चुकता हप्ते भरतो का, हे उलटतपासणीत विचारायला तुमच्या वकिलांना मजा येईल. ७/११ मध्ये हा मुद्दा लिहिणं म्हणजे निव्वळ पानं वाढवणं.

दंडाचा मुद्दा तेवढा पोकळ नाही, पण तोही आजचा नाही. करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की करारात दंड लिहिला असला तरी कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं. आता तुमची अट दोन तऱ्हांनी वाचता येते. देणं मुळात १८ लाखच होतं आणि हप्ता चुकला म्हणून वर ९ लाख चढवले, असं वाचलं तर दंड. देणं २७ लाख होतं, वेळेवर दिले तर ९ लाख सोडतो अशी सवलत दिली आणि वेळ न पाळल्याने ती गेली, असं वाचलं तर दंड नाही. कोर्टं हा फरक नेहमी करतात. म्हणून तडजोडपत्रात त्याने २७ लाख देणं कबूल केलंय का, हे वाक्य शोधा. कबूल असेल तर छान. नुसतं 'वादीची मागणी २७ लाखाची होती' एवढंच असेल तर निकालाच्या वेळी तुम्हाला १८ लाखातले उरलेले साडेतेरा लाख अधिक व्याज एवढ्यावर समाधान मानावं लागण्याची शक्यता आहे, मनाची तयारी ठेवा. पण दावा त्याने उडत नाही.

स्टॅम्पचं तर बोलायलाच नको. रूल ११ मध्ये जो कमी स्टॅम्पचा उल्लेख आहे तो वादपत्रावरच्या कोर्ट फीचा, तडजोडपत्राच्या स्टॅम्पचा नाही, हे घोळ करणारे वकील मी दर दोन महिन्यांनी बघतो. तडजोडपत्राला स्टॅम्प कमी असेल तर तो कागद पुराव्यात येताना अडेल, जप्त होईल, कमी पडलेली ड्युटी आणि दंड भरला की वाचता येईल. आत्ताच भरून टाकलेलं बरं.

आता ते न लिहिलेलं कारण. भागीदारी करारातून उपजलेला वाद हा २०१५ च्या कमर्शियल कोर्ट कायद्यात व्यावसायिक वाद म्हणून धरलेला आहे, आणि रक्कम ३ लाखाच्या वर आहे. तुम्ही दावा साध्या दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे स्पेशल दिवाणी म्हणून टाकलाय. तुम्ही म्हणाल माझा दावा तडजोडीवर आहे, भागीदारीवर नाही, आणि युक्तिवादाला हे ठीक आहे, पण तडजोड झाली ती भागीदारीच्या हिशोबाचीच, त्यामुळे कोर्ट ते मान्य करेलच असं मी छातीठोक सांगणार नाही. व्यावसायिक वाद ठरला तर दोन गोष्टी होतात. वादपत्र योग्य कोर्टात दाखल करण्यासाठी परत मिळतं, ते एकवेळ परवडलं. पण त्या कायद्याच्या कलम १२अ प्रमाणे तातडीची अंतरिम दाद मागितलेली नसेल तर दाव्याआधी मीडिएशन (मध्यस्थामार्फत समेटाचा प्रयत्न) करणं सक्तीचं आहे, आणि सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या पाटील ऑटोमेशनमध्ये सांगितलंय की २० ऑगस्ट २०२२ नंतर ते न करता टाकलेला दावा ७/११ खाली नामंजूर होईल. एकदा तडजोड करून फसलेल्या माणसाला पुन्हा तडजोडीला बसवायचं हे चीड आणणारं आहे, मला मान्य आहे, पण कायदा तसा आहे. आणि आता मालमत्तेवर मनाईचा अर्ज, आपली निशाणी ५, नंतर चिकटवून हे टाळता येईल असं समजू नका, तातडी खरी आहे का देखावा हे कोर्ट बघतं.

यावर उपाय आहे आणि तो तुमच्या हातात आहे. ७/११ मंजूर झालं तरी ऑर्डर ७ रूल १३ प्रमाणे त्याच कारणावर नवं वादपत्र टाकता येतं, फक्त मुदतीत हवं, म्हणजे तुमच्या बाबतीत जुलै २०२७ च्या आत. त्यामुळे आपणहून आधीच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मीडिएशनचा अर्ज द्यायचा की नाही हे तुमच्या वकिलांसोबत या आठवड्यात बसून ठरवा. समोरचा आलाच नाही तर तसा अहवाल मिळतो आणि मीडिएशनमध्ये गेलेला काळ मुदतीतून वजा होतो. समोरच्या वकिलाला हा मुद्दा कधीही सुचू शकतो, ७/११ चा अर्ज कुठल्याही टप्प्यावर देता येतो. दोन वर्षांनी पुराव्याच्या वेळी सुचला तर तुमची मुदतही गेलेली असेल, मुदत कायद्याच्या कलम १४ चा, म्हणजे आधीच्या दाव्यात गेलेला काळ वगळण्याचा, आधार मागत बसावं लागेल.

इतर वाचणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं, कारण मला अर्ध्या लोकांचे प्रश्न यावरच येतात. वरचं सगळं कोर्टाबाहेर झालेल्या तडजोडीचं आहे. तुमची तडजोड कोर्टात दाखल होऊन ऑर्डर २३ रूल ३ खाली हुकूमनामा (कोर्टाची डिक्री) झाला असेल, तर ती मोडल्यावर नवा दावा टाकायचाच नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ४७ आडवं येतं. तिथे दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावायची, मुदत १२ वर्षं. लोकअदालतीतल्या तडजोडीचंही तेच, तिचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच राबवता येतो, अगदी चेक बाउन्सच्या केसमध्ये झाली असली तरी. आणि ज्याला ती तडजोडच बेकायदा होती असं म्हणायचंय त्याने वेगळा दावा टाकला तर तोच ७/११ मध्ये अडकतो. हुकूमनामा असेल तर रूल ३अ मुळे त्याच कोर्टाकडे जावं लागतं, लोकअदालत असेल तर हायकोर्टात रिट, तेही अगदी मोजक्या कारणांवर. एका लोकअदालतीच्या निवाड्याविरुद्धचा दावा असाच ७/११ खाली गेला आणि हायकोर्टाने तो निकाल फिरवला तरी २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तोच पुन्हा कायम केला.

अर्जाला तुमचं म्हणणं, आपला 'से', लवकर द्या, तारीख मागू नका. आणि रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची कोर्टातली नोंद) काढून बघा त्याने कैफियत दिलीय का, कारण ७/११ चा अर्ज दिला म्हणून कैफियतीची मुदत थांबत नाही, बरेच जण याच भ्रमात राहतात आणि मग तो अर्जच वेळ काढायचं साधन होतो. अर्ज नामंजूर झाला तर समोरचा हायकोर्टात रिव्हिजनला जाईल, तिथे कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा अर्ज) टाकून ठेवा. मंजूर झाला तर तो हुकूमनामा मानला जातो, तुम्हाला अपील आहे, पण तुमच्या बाबतीत अपिलापेक्षा दुरुस्त केलेलं नवं वादपत्र जास्त लवकर पोचेल.

शेवटचं विचारलंत की तो मध्यस्थामार्फत पुन्हा निरोप पाठवतोय, उरलेले साडेतेरा लाख सहा महिन्यात देतो म्हणतोय, ऐकायचं का. ऐका, पण दावा काढून घेऊ नका. या वेळी तडजोड त्याच दाव्यात लेखी दाखल करायची, दोघांनी न्यायाधीशांसमोर सह्या करायच्या, २७ लाखाचं देणं त्याने स्पष्ट कबूल करायचं, आणि हप्त्यांची हमी तुम्हाला नाही तर कोर्टाला द्यायची. त्या हमीशिवाय नुसता तडजोड हुकूमनामा मोडला तर दरखास्त मिळते, अवमान होत नाही. हमी लिहायला तो तयार होतो की नाही यावरूनच त्याच्या मनात काय आहे ते तुम्हाला तिथल्या तिथे कळेल.